ढग नसताना बर्फ पाडणाऱ्यास खुलं पत्र

महोदय,

सप्रेम नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसता नमस्कार. तुमचं नाव लिहीत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. दर हिवाळ्यात निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की गावोगावच्या हवामानवेड्या मंडळींत तुम्ही उगवता. "उद्या पहाटे महाबळेश्वरला बर्फ पडण्याची दाट शक्यता." "तोरणमाळला सुरुवात झालीसुद्धा." "कळसूबाईवर आज रात्री नक्की." सोबत एक चित्रफीत असते. तीत बर्फाने झाकलेली गाडी दिसते आणि गाडीच्या मागे देवदारांची रांग. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी देवदारांचं जंगल कधी वाढलं, असं कुणी विचारलं तर तुम्ही उत्तर देत नाही. तोवर तुमचा पुढचा अंदाज निघालेला असतो.

मलाही हवामानाचं वेड आहे. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी वारा पडला की नाही हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे हौशी माणसाने नकाशे बघू नयेत, अंदाज बांधू नयेत, असं मी कधीच म्हणणार नाही. माझी तक्रार नेमकी उलटी आहे. तुम्ही बघतच नाही. एक आकडा बघता आणि थांबता.

आधी ढगांचं बोलू. बर्फ ढगातून पडतो. उंचावर, शून्याखालच्या हवेत, ढगाच्या पोटात हिमस्फटिक तयार होतात, वाढतात आणि खाली येतात. आता महाराष्ट्रात कडाक्याची थंडी कधी पडते ते आठवा. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढगाळ हवेची प्रणाली, उत्तर भारतावरून पुढे सरकला, आभाळ मोकळं झालं आणि राजस्थान, मध्य प्रदेशावरून कोरडे उत्तरेचे वारे खाली उतरले की पारा घसरतो. त्या रात्री आभाळ निरभ्र असतं म्हणूनच तर तो घसरतो. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडत असते. ढग असतील तर ते गोधडीसारखे ती उष्णता अडवतात, नसतील तर ती सरळ निघून जाते. पुढचा विक्षोभ जवळ आला की वारे फिरतात, ढग येतात आणि किमान तापमान दोन दिवसांत पाच-सहा अंशांनी वर जातं. म्हणजे आपल्याकडे ज्या रात्री पारा सर्वांत खाली असतो, त्या रात्री ढग नसतात, आणि ज्या रात्री ढग असतात त्या रात्री पारा खाली नसतो. आणि तुम्ही भाकीत करण्यासाठी निवडता ती नेमकी चांदण्यांनी भरलेली रात्र! त्या आभाळातून तुम्ही काय पाडणार होतात, ते एकदा सांगाच.

तुमच्या हिशेबाने पारा पुरेसा खाली गेला की काम झालं. मग १७ जानेवारी १९३५ ला पुण्यात १.७ अंशांची नोंद झाली, तेव्हा शनिवारवाड्यावर बर्फ पडायला हवा होता. हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं होतं, लोक आजही त्याला सिमला ऑफिस म्हणतात. त्या ऑफिसातली माणसं तेव्हा जागीच होती. पुण्यात गारठा होता, बर्फ नव्हता. कारण जमिनीजवळचं तापमान हे वरच्या हवेचं तापमान नव्हे.

इथे तुमची सर्वांत मोठी चूक आहे आणि ती मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती थोड्या अभ्यासाने टळली असती. आपल्या अक्षांशावर भर हिवाळ्यातही हवेतली शून्य अंशांची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण चार किलोमीटरवर किंवा त्याहून वर असते. कळसूबाई १,६४६ मीटर. महाबळेश्वर त्याहून कमी, साधारण साडेचार हजार फूट. म्हणजे राज्यातल्या सर्वांत उंच माथ्यावर उभं राहिलात तरी शून्याची पातळी तुमच्या डोक्यावर दोन किलोमीटरहून अधिक उंच राहते. वरून निघालेला हिमस्फटिक शून्याच्या पातळीच्या खाली आला की काहीशे मीटरांत वितळतो. उरलेलं अंतर तो पाऊस म्हणून येतो. हवाई बेटांवरचा मौना केआ हा डोंगर साधारण आपल्या सिन्नरच्या अक्षांशावर आहे आणि तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. पण त्याची उंची ४,२०७ मीटर आहे. सह्याद्रीला तेवढी उंची आणून द्या, मग मीच तुमच्यासोबत माथ्यावर येऊन बसेन.

उरतो प्रश्न, समजा थंडी आणि ढग एकत्र आलेच तर? तेही झालं आहे. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि गारठा एकत्र आला. दिवसाचं तापमान एकदम कोसळलं. बर्फ पडला नाही, थंडगार पाऊस पडला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर या पट्ट्यात उघड्यावर वाडा लावून बसलेल्या धनगरांच्या शेकडो मेंढ्या त्या भिजलेल्या गारठ्यात दगावल्या. लोकर भिजली की मेंढीचं अंग ऊब धरत नाही, आणि उघड्या माळावर आडोसा नसतो. महाराष्ट्रात ढग आणि थंडी एकत्र आल्यावर काय होतं याचं हे उत्तर आहे. अशा वेळी मेंढपाळाला आदल्या दिवशी सांगायचं असतं की उद्या कळप गावाजवळ आण, पत्र्याखाली घे. हवामान समजणाऱ्या माणसाचं त्या दिवशीचं काम एवढंच असतं.

आता वेण्णा तलावाकडे येऊ. तिथे पांढरं दिसतं, हे मी नाकारत नाही. नौकाविहाराच्या जेटीच्या फळ्यांवर, गाड्यांच्या टपांवर, लिंगमळ्याकडच्या गवतावर डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे खरोखर पांढरा थर असतो. ते दव गोठलेलं असतं, किंवा हवेतली वाफ थेट गवताच्या पात्यावर हिमकण होऊन बसलेली असते. आभाळातून काहीही पडलेलं नसतं. थंड हवा जड असते, ती रात्रभर उतारावरून घरंगळत खोलगट जागेत साचते. वेण्णाचा परिसर नेमका तसा खोलगट आहे. म्हणूनच तिथे पारा शून्याजवळ असताना वर पठारावरच्या वेधशाळेत तो कितीतरी अंशांनी जास्त नोंदला जातो. दरवर्षी यावरून वाद होतो, वेधशाळा खोटं सांगते म्हणून. ती खोटं सांगत नाही. तशा रात्री खाली सर्वांत थंड असतं आणि वर चढावं तसं उबदार होत जातं. तुम्ही खालचा शून्य दाखवून वरून बर्फ पडणार म्हणता, तेव्हा तुमचाच पुरावा तुमच्याविरुद्ध साक्ष देत असतो.

सातपुड्यात तोरणमाळ आणि डाबच्या परिसरातही अशाच पहाटे दव गोठतं. तिथल्या माणसांना ते नवं नाही. त्यांच्या अंगणात ठेवलेल्या भांड्यातल्या पाण्यावर बर्फाची साय धरते तेव्हा त्यांना चित्रफीत काढायची नसते, घरात पुरेशी पांघरुणं आहेत का हे बघायचं असतं.

माझी आत्या भिलारच्या पलीकडे स्ट्रॉबेरी लावते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. ती कशी पिकते हे मात्र तुम्हाला बघायला हवं. तुमच्या लाडक्या पांढऱ्या पहाटेनंतर आत्या वाफ्यांतून फिरते आणि एकेक फूल बोटांनी उघडून बघते. पाकळ्या पांढऱ्या शुभ्र असतात. मधला पिवळा भाग काळा पडलेला असला की ते फूल गेलं, त्याला फळ धरणार नाही. फुलं उमललेली असताना तापमान शून्याच्या एखाद अंश खाली गेलं तरी एवढं पुरतं. "पाकळीकडं बघू नगंस, मधी बघ," असं ती मला शिकवते. त्या एका पहाटे महिन्याभराने येणारा तोडा गेलेला असतो. आणि तेवढ्यात रस्त्याच्या कडेला गाड्या लागतात. रात्रभर प्रवास करून, पसरणी घाट चढून, झोपलेल्या पोरांना चादरीत गुंडाळून लोक आलेले असतात, कारण तुम्ही त्यांना बर्फाचं वचन दिलेलं असतं. ऊन वर आलं की पांढरं काही उरत नाही, म्हणून जिथे सावलीत थोडं उरलं आहे तिथे ते घुसतात. वाफ्यांवर पाय पडतात, मल्चिंगचा कागद फाटतो. आत्या त्यांच्यावर ओरडत नाही. ती त्या पोरांना चहा देते, कारण पोरं थंडीने कुडकुडत असतात. राग मला येतो, आणि तो त्या कुटुंबांवर नाही.

गारांचंही तेच. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात गारपिटीने हाताशी आलेला गहू, हरभरा, द्राक्षं, डाळिंबं झोडपली. शेतंच्या शेतं पांढरी झाली. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांवर गारा पडल्या. अशा दिवशी पांढऱ्या शेताचं चित्र हाती आलं की तुमच्यातला कुणीतरी त्याखाली लिहितो, "महाराष्ट्राचं काश्मीर." गार वादळी ढगात, वर-खाली फेकल्या जाणाऱ्या हवेत थरावर थर चढत तयार होते. तिला थंडीच्या लाटेची गरज नसते, ती चाळीस अंशांच्या उन्हातही पडते. हे तुम्हाला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. ठाऊक असून तुम्ही तसं लिहिता, आणि ज्याचं शेत त्या चित्रात आहे तो माणूसही ते वाचतो. त्याच्या मोबाइलवर ते पोचतं. ज्या बांधावर तो उभा आहे त्या बांधाला तुम्ही काश्मीर म्हटलेलं असतं.

तुमच्याकडून असं घडतं तरी का, हे मी समजून घ्यायचा प्रयत्न केला आहे. तुम्ही हवामानाच्या प्रारूपांचे नकाशे उघडता, त्यावर कुठे हिमाचा रंग दिसतो का ते शोधता. ला निना आहे असं कळलं की यंदा काहीतरी अभूतपूर्व होणार असं लिहिता. ला निनाच्या काळात आपल्याकडे हिवाळा थोडा अधिक थंड राहण्याकडे कल असतो, एवढंच. त्याने शून्याची पातळी दोन किलोमीटर खाली येत नाही. अमेरिकेतल्या ध्रुवीय भोवऱ्याची बातमी आली की तिचा धागा तुम्ही पाचगणीपर्यंत ओढता. थंडीच्या लाटेची व्याख्या मात्र तुम्ही कधी सांगत नाही. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल तर हवामान खातं थंडीची लाट म्हणतं. किनाऱ्यावर हीच मर्यादा १५ अंशांची आहे. मुंबईकराला १३ अंशांत हुडहुडी भरते ती उगाच नाही. ही माहिती रंगीत नसते, म्हणून ती मागे पडते.

आणि तापमान मोजता कसं? गाडीच्या काचेमागच्या आकड्याचं छायाचित्र काढून. वेधशाळेतला तापमापक स्टीव्हन्सनच्या पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतो, जेणेकरून सगळीकडच्या नोंदी एकमेकींशी ताडून बघता याव्यात. शिवाय गवतालगत वेगळा तापमापक ठेवण्याची पद्धत आहे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री तो पेटीतल्या तापमापकापेक्षा कितीतरी खाली जातो. पेटीत चार अंश आणि गवतावर शून्याखाली, असं होऊ शकतं. स्ट्रॉबेरीचं फूल सव्वा मीटरवर नसतं, ते गवताच्या उंचीवर असतं. म्हणजे शेतकऱ्याला हवा असलेला आकडा त्या दिवशीच्या बातमीत नसतोच. तो स्थानिक असतो. शेजारच्या दोन शेतांत वेगळा असतो. तो कुणीतरी तिथे जाऊनच मोजावा लागतो.

भारतातल्या कृषी हवामानशास्त्राचा पाया घालणारे एल. ए. रामदास यांनी १९३२ साली जमिनीलगतच्या हवेच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. शांत, निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा अगदी जमिनीला चिकटून असेल असं तोवर सगळे धरून चालले होते. रामदासांना ती जमिनीपासून थोडी वर, काही सेंटिमीटर ते हातभर उंचीवर सापडली. ते पटायला जगाला बराच वेळ लागला. १९९० च्या दशकात रोद्दम नरसिंहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं गणिती स्पष्टीकरण मांडलं. आज त्या थंड हवेच्या थराला रामदास थर म्हणतात. एवढा मोठा शोध लागला तो वेगवेगळ्या उंचीवर तापमापक लावून, रात्री जागून, जे दिसलं तेच लिहिल्यामुळे. त्यांच्याच देशात, तशाच प्रकारच्या रात्री, तुम्ही हातात तापमापक असताना दुसऱ्याच्या बर्फाचं चित्र पुढे ढकलता. याचं मला खरंच दुःख होतं.

कारण तुमच्याकडे चिकाटी आहे. पहाटे चारला उठण्याची तयारी आहे. ज्या माहितीची शेतकऱ्याला संध्याकाळी सहा वाजता गरज असते ती तुम्ही देऊ शकता, आणि आज ती देणारे फार थोडे आहेत. संध्याकाळी आभाळ स्वच्छ आहे का, वारा पडला आहे का, आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊ लागते तो अंश, किती आहे, एवढं बघितलं तरी रात्रीचा बराच अंदाज येतो. दवबिंदू शून्याच्या वर असेल तर आधी दव पडेल आणि ते पडताना उष्णता सुटून पारा घसरण्याचा वेग कमी होईल. हवा अगदी कोरडी असेल, दवबिंदू शून्याच्या खाली असेल, तर पारा अडवायला काही नसतं. तेव्हा कधीकधी पांढरंही काही दिसत नाही, सकाळी पानं थेट काळी पडलेली सापडतात. छायाचित्र काढण्यासारखं काही नसलेली ती पहाट सर्वांत वाईट असते.

हे वेळेवर कळलं तर करण्यासारखं पुष्कळ असतं. दिवसा जमीन ओली केली तर ती उन्हाची ऊब धरून ठेवते आणि रात्री सोडते. द्राक्षबागायतदार पहाटे ठिबकने पाणी सोडतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. ते बागेत शेकोट्या पेटवतात, गारठ्याने मण्यांची फुगवण थांबते आणि पिकत आलेल्या मण्यांना तडे जातात म्हणून. शेकोटीत उपयोग आगीच्या उबेचा होतो, धुराचा फारच कमी, हे सांगायलाही कुणीतरी हवं. म्हणजे ओला पाला जाळून नुसता धूर करण्यात रात्र जाणार नाही. तुषार सिंचन असेल तर तेही चालतं. पाणी गोठताना दर ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता सोडतं आणि फुलाला शून्याच्या आसपास धरून ठेवतं. पण एकदा सुरू केलं की ऊन येऊन बर्फ सुटेपर्यंत बंद करायचं नाही. मध्येच बंद केलं तर ओलं पान आणखी गार होतं आणि वाचवायला गेलेलं पीक आपल्याच हातांनी जातं. रात्री दोनला वीज जाणार असेल, तर तुषार सुरूच करू नये. हा निर्णय आत्याला संध्याकाळी घ्यायचा असतो. आणि त्यासाठी तिला बर्फाची शक्यता किती टक्के हे नको असतं, तिच्या वाफ्यातला पारा किती उतरेल हे हवं असतं.

म्हणून तुमच्याकडे ठाम मागणी करते आहे. पुढचा उत्तरेचा वारा सुटेल तेव्हा त्या रात्रीसाठी "बर्फ" हा अंदाज काढायचा नाही. जुनी, दुसरीकडची चित्रं पाठवायची नाहीत, आणि आधी पाठवलेली असतील तर ती चुकीची होती असं तितक्याच मोठ्याने सांगायचं. गाडीच्या काचेतून तापमापक बाहेर काढून गवताजवळ, उघड्या आभाळाखाली ठेवायचा आणि दर तासाला त्याचा आकडा लिहायचा. आकड्यासोबत जागा लिहायची, खोलगट की पठार, ओली जमीन की कोरडी. आणि संध्याकाळी सातच्या आत तुमच्या तालुक्यातल्या स्ट्रॉबेरीवाल्यांना, द्राक्षवाल्यांना आणि माळावर वाडा लावलेल्या मेंढपाळांना कळवायचं की आज रात्र कशी जाईल. अंदाज चुकला तरी चालेल, शेतकरी चुकलेला अंदाज समजून घेतो. त्याला आदल्या दिवशी काय बघून तो सांगितला होता, तेवढं मात्र सांगा.

आत्याच्या वाफ्यात गवताच्या उंचीवर तापमापक मी लावला आहे. लिंगमळ्याकडच्या खोलगट भागात आणि वर पठारावर एकेक हवा आहे. ती दोन ठिकाणं तुम्ही घ्या.

आपली,
एक हवामानवेडी